नवमीनंतर गप्प झालेल्या नोंदी

लग्नकार्याला गेलं की नात्यातलं कोणीतरी विचारतंच, "तू त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत नेमकं करतेस काय?" पूर्वी मी नीट समजावून सांगायला जायचे. दुसऱ्या वाक्यापर्यंत समोरच्याची नजर जिलेबीच्या ताटाकडे वळलेली असायची. मग मी एक आटोपशीर उत्तर तयार केलं : "प्रोग्राम दिवसभर काय काय करतो ते त्याला लिहून ठेवायला लावते." यावर माझे धुळ्याचे मामेसासरे म्हणाले होते, "म्हणजे कारकुनाची कारकून." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कोणी केली नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगताना बजावलं आहे की आपले वाचक शेती करणारे, शाळेत शिकवणारे, दुकान चालवणारे आहेत, तेव्हा जरा जपून. जपूनच लिहिते. पण थोडं तांत्रिक येणारच, कारण ज्या माणसाची हकीकत मला सांगायची आहे त्याची नोकरी अशाच एका तांत्रिक ओळीपायी गेली होती.

जळगावात आमची कंपनी म्हणजे एका औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक मनोजसर. वयाने माझ्याहून लहान, पण सर. ते पुण्यातली नोकरी सोडून गावी परतले आणि शीतगृहं, डेअऱ्या, डाळमिला यांच्यासाठी प्रोग्राम लिहून देऊ लागले. मी त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे. नोंदी लावण्याचं काम, ज्याला आम्ही लॉग म्हणतो, ते कोणालाच नको असतं. स्क्रीन सुंदर केली की गिऱ्हाईक खूश होतं, रिपोर्ट छापून दिला की चहा पाजतं. नोंदी कोणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे ते काम फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं आणि तिथेच राहिलं. मलाही ते आवडू लागलं. मुळात मला कमी बोलणारी माणसं आवडतात, आणि चांगली नोंद कमी बोलते.

प्रोग्राम अमुक वाजता सुरू झाला, तमुक खोलीचं तापमान इतकं होतं, अमक्याने हे बटण दाबलं, अशा ओळी एकाखाली एक एका फाइलमध्ये पडत राहतात. काही बिघडलं की आम्ही ती फाइल उघडून मागे मागे वाचत जातो. प्रत्येक ओळीला एक पायरी लावलेली असते. नुसती कुजबुज, साधी माहिती, इशारा आणि शेवटची पायरी म्हणजे बोंब. कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर घालायची आणि कुठल्या पायरीपासून पुढचं लिहून ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. घरात सासू-सुना असोत की बाप-लेक, बहुतेक भांडणं कुजबुजीच्या गोष्टीवर बोंब मारल्याने किंवा बोंब मारायच्या गोष्टीवर कुजबुजल्यानेच होतात. प्रोग्रामचंही तसंच आहे.

दोंडाईच्याला आमचे एक डाळमिलवाले आबा होते. त्यांच्या स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आम्ही इशाऱ्याच्या ओळी लाल रंगात दाखवत असू. एके दिवशी आबांचा फोन, इथे इतकं लाल का दिसतंय म्हणून. "ताई, आठे इतलं लाल काबर दखाई राहिनं? मशीन बिघडनं का?" मी पाहिलं तर पोती भरायचा काटा मधूनमधून उशिरा उत्तर देत होता, बाकी काही नव्हतं. मी म्हटलं, "आबा, काळजीचं काही नाही." आबा म्हणाले, "काळजीनं नही, तं मंग लाल कसाले?" त्या दिवसापासून मी लाल रंग फार जपून वापरते.

धुळ्याच्या एका डेअरीची गोष्ट याच्या उलट. तिथल्या व्यवस्थापकांना सगळं लिहून हवं होतं. कुजबुजसुद्धा. दुधाचा कॅन काट्यावर ठेवला, काटा हलला, काटा स्थिर झाला, स्क्रीनवरचा आकडा बदलला. मी दोनदा समजावलं, फाइल फुगेल. ते म्हणाले, "फुगू द्या, पुरावा राहील." भर दुधाच्या वेळेला संगणकाची जागा संपली, प्रोग्राम अडून बसला आणि बाहेर गावोगावचे दूधवाले कॅन घेऊन उभे. दूध काही थांबत नाही. त्या सकाळी मी फोनवरून जुन्या नोंदी पुसत होते आणि पलीकडे व्यवस्थापक कागदावर फॅट लिहून घेत होते. नंतर ते स्वतःच म्हणाले, "कुजबुज बंद करा." असे प्रसंग सांगायला गेले तर पुष्कळ आहेत, आणि ते सांगून हसताही येतं. रावेरच्या प्रसंगाला मात्र अजून हसता येत नाही.

रावेरच्या अलीकडे, सावद्याकडून येणाऱ्या रस्त्याला, प्रल्हादनानांचं केळीचं शीतगृह आहे. केळी बागेतून ट्रॅक्टरने येते, धुऊन, पुसून खोक्यात भरली जाते, गार खोल्यांमध्ये ठेवून मग कंटेनरमधून बंदराकडे जाते. केळी हे चमत्कारिक फळ आहे. ऊब लागली तर वाटेतच पिकतं आणि फार गारठलं तर पिकतच नाही. आणि गारठलेली केळी त्या दिवशी ओळखू येत नाही. वरून हिरवीगार दिसते. काही दिवसांनी साल राखेसारखी होते आणि ती तशीच कडक राहते. म्हणजे चूक कुठे झाली ते कळायच्या वेळी माल कुठल्या कुठे गेलेला असतो.

म्हणून नानांकडे कडक पद्धत. गार खोल्यांचा ऑपरेटर दिवसातून ठरलेल्या वेळी प्रत्येक खोलीत जाणार, गार हवा जिथून बाहेर पडते तिथलं तापमान बघणार आणि भिंतीवरच्या पॅनेलचं 'पाहिलं' असं लिहिलेलं बटण दाबणार. दाबलं की आमच्या फाइलमध्ये ओळ. हवा तेव्हा त्या ओळींवरून फेऱ्यांचा रिपोर्ट काढता येतो. ही फेरी मारायचे सलीमभाई. शीतगृहाचं पत्र्याचं छप्पर चढत होतं तेव्हापासून ते तिथे आहेत. आधी यंत्रं बसवणाऱ्यांबरोबर पाइप जोडायला आले होते, नानांनी ठेवून घेतलं. आम्ही कधी गेलो की ते आधी यंत्राचा हालहवाल सांगायचे, मग माणसांचा.

नानांच्या इथली आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. खंडेनवमीला तिथे प्रत्येक यंत्राची पूजा होते. कॉम्प्रेसर, काटा, ट्रॅक्टर, पॅनेल आणि आमचा संगणकही. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही असा नानांचा नेम. कॉम्प्रेसर पाळीपाळीने थांबवतात, तेवढ्याने खोल्या तापत नाहीत. संगणक बंद करून, पुसून, झेंडूची माळ घालून ठेवायचं काम सलीमभाईंचं. कुंकू नानांच्या घरच्या वहिनी लावतात, आरती होते आणि मग सलीमभाई नारळ फोडून संगणक पुन्हा चालू करतात. हंगामात तो संगणक एरवी बंदच होत नाही. वर्षातून एकदा त्याला जी विश्रांती मिळते ती नवमीची.

त्या वर्षी पावसाळ्यात मनोजसरांनी एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. आमचे प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. पूर्वी अख्खा प्रोग्राम म्हणजे एक मोठा हॉल होता. कोणीही उठून कोणाच्याही टेबलावरची वस्तू उचलावी. त्याने गोंधळ होतो. नव्या जावामध्ये हॉलच्या खोल्या करता येतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी लावायची : मला अमुक खोल्यांची गरज आहे आणि माझ्यातलं अमुक कपाट तमुक खोलीसाठी उघडं आहे. पाटीवर लिहिलं नसेल ते बाहेरच्यांसाठी बंद. पद्धत चांगली आहे, माझा तिला विरोध नाही. सरांनी नानांच्या प्रोग्रामच्या अशा खोल्या केल्या, जळगावात बसून नवा प्रोग्राम तिकडच्या संगणकावर नेऊन ठेवला आणि हंगाम चालू म्हणून चालता प्रोग्राम बंद केला नाही. पुढच्या वेळी संगणक बंद होऊन सुरू होईल तेव्हा आपोआप नवा चालू होईल, असं करून ठेवलं. पुढची वेळ कोणती, ते वाचकांनी ओळखलंच असेल.

दिवाळी उलटून गेल्यावर नानांचा एक कंटेनर परदेशातून नापास होऊन आला. म्हणजे माल आला नाही, फोटो आले. खोक्यांमागून खोक्यांत राखाडी केळी. रावेर-सावद्याकडच्या कितीतरी बागांचा तो माल होता आणि नानांनी शब्द दिलेला होता. एवढ्या नुकसानीला कोणीतरी जबाबदार धरायला लागतोच, तसा माणसाचा स्वभाव आहे. नानांनी फेऱ्यांचा रिपोर्ट काढला. नवमीपर्यंत रोजच्या रोज फेऱ्या. नवमीच्या दुपारपासून प्रत्येक रकान्यात एकच शब्द : 'फेरी नाही'.

नानांनी सरांना फोन केला. मी समोरच्या टेबलावर होते आणि सरांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर. "मनोज, तुझं कॉम्प्युटर खरं सांगते ना रे?" नानांचा आवाज थकलेला होता. सर म्हणाले, "नाना, माणूस खोटं बोलेल, नोंद बोलणार नाही." वाक्य झोकात होतं. फोन बंद झाल्यावर सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही मान डोलावली.

त्या संध्याकाळी नानांनी सलीमभाईंना ऑफिसात बोलावून रिपोर्ट पुढे सरकवला आणि म्हणाले, "वाच." सलीमभाईंनी वाचला. पॅनेलच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले. हे मला नंतर नानांच्या मॅनेजरने सांगितलं. काही बोलले नाहीत म्हणजे मान्य असणार, असंच सगळ्यांनी धरलं. रावेरसारख्या गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. केळी घालवणारा माणूस, असं एकदा नावाला चिकटलं की दुसऱ्या शीतगृहाच्या फाटकातही कोणी उभं करत नाही. उभं आयुष्य गार खोल्यांत गेलेल्या माणसाने त्या तालुक्यात दुसरं करायचं काय?

पुढे माल घेणाऱ्या कंपनीने नानांकडे त्या दिवसांची पूर्ण माहिती मागितली आणि मूळ नोंदींची फाइल प्रथमच माझ्यासमोर उघडी झाली. तोपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता तो रिपोर्ट. रिपोर्ट म्हणजे नोंदींवरून काढलेला सारांश आणि सारांशावर माझा कधीच फारसा विश्वास नसतो. फाइल भरलेली होती. कामगारांची हजेरी, खोक्यांची मोजणी, गाड्यांची ये-जा, दाराजवळच्या आमच्या स्वतःच्या तापमापकाचे आकडे, सगळं ओळीने. सलीमभाईंच्या बटणाच्या ओळी तेवढ्या नव्हत्या.

मी वाचत राहिले. काहीतरी खटकत होतं. फाइल फार शांत होती. शीतगृहाच्या नोंदींना एक लय असते. कॉम्प्रेसर चालू, कॉम्प्रेसर बंद, चालू, बंद, दिवसभर. नवमीनंतर कॉम्प्रेसरची एकही ओळ नव्हती. चालू झाल्याची नाही, बंद झाल्याची नाही. आणि दाराजवळचं तापमान मात्र रोज जिथल्या तिथे. कॉम्प्रेसर इतके दिवस चाललाच नाही आणि खोली गारच्या गार?

मी उठून सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ही नोंद खरी मानायची तर नानांना सांगा, कॉम्प्रेसरलाही कामावरून काढा."

सरांना आधी राग आला, मग त्यांनी फाइल पाहिली आणि खुर्ची ओढून माझ्याबरोबर शोधायला बसले. बिघाडाचं कारण सापडायला फार वेळ लागला नाही. कॉम्प्रेसर आणि भिंतीवरचं पॅनेल यांच्याशी बोलणारा भाग यंत्रवाल्या कंपनीने लिहिलेला आहे. तो आपल्या नोंदी जावाच्या मूळच्या नोंदव्यवस्थेकडे देतो, तर आम्ही आमच्या नोंदींसाठी वेगळी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, वापरतो. दोघांच्या मध्ये आम्ही एक निरोप्या ठेवला होता. एक छोटासा प्रोग्रामच, जो तिकडच्या ओळी उचलून आमच्या फाइलमध्ये आणून टाकायचा. खोल्या करताना तो निरोप्या आमच्या खोलीतल्या एका कपाटात गेला आणि ते कपाट जावाच्या नोंदव्यवस्थेसाठी उघडं आहे, ही एक ओळ दारावरच्या पाटीवर लिहायची राहिली. नवमीला संगणक सुरू झाला तेव्हा जावाने निरोप्याला हाक मारली, दार बंद दिसलं. जावाने 'निरोप्या सापडला नाही' एवढं एकदाच म्हटलं, तेही अशा ठिकाणी जिथे कोणी पाहत नाही, आणि पुढच्या कामाला लागला. सरांनी जळगावात तपासलं होतं, पण तपासताना फाइल भरतेय ना एवढंच पाहिलं होतं. आमच्या बाकीच्या ओळींनी ती भरतच होती. शिवाय जळगावात ना कॉम्प्रेसर ना पॅनेल.

इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगते. नोंद लिहिता आली नाही म्हणून मूळ काम थांबवायचं नाही. कारकुनाची शाई संपली म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. म्हणून या सगळ्या लायब्रऱ्या मुद्दामच अशा लिहिलेल्या असतात की बिघडल्या तर हळूच बाजूला होतात. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की नोंदी बंद पडल्या तर ते सांगणारं कोणी उरत नाही; आणि लिहिणारा गप्प झाला तरी वाचणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. यात आमच्या रिपोर्टने आणखी भर घातली होती. ओळ सापडली नाही की तो बेधडक छापत होता, 'फेरी नाही'. खरं तर त्याने म्हणायला हवं होतं, 'मला माहीत नाही'. हे दोन शब्दप्रयोग एकच आहेत असं ज्याला वाटतं त्याने नोंदींच्या कामात पडू नये.

ती राहिलेली ओळ लिहायला एक मिनिट पुरलं. सर म्हणाले, "नानांच्या संगणकावर लगेच चढवू. आणि नानांना कळवू की थोडी दुरुस्ती केली."

"आणि सलीमभाई?" मी विचारलं.

मला सरांची अडचण कळत होती. नानांच्या शब्दावर आम्हाला आणखी शीतगृहांचं काम मिळायचं होतं. इतक्या छोट्या कंपनीने मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगायचं, की तुम्ही ज्या कागदावरून माणूस काढला तो कागद आमच्या चुकीने कोरा होता? सर म्हणाले, "पण त्याने फेऱ्या मारल्या होत्या, हे तरी आपल्याला कुठे दाखवता येतंय?"

हे मात्र खरं होतं आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवसांच्या ओळी कुठेच नव्हत्या. निरोप्याने आणल्याच नाहीत तर सापडणार कुठून? गार हवेच्या तोंडाशी काय तापमान होतं, तेही त्याच ओळींमध्ये गेलं. केळी नानांच्या खोलीत गारठली की पुढे कंटेनरमध्ये, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. इतकी वर्षं मी नोंदी लावल्या त्या याच दिवसासाठी आणि त्या दिवसाचंच पान कोरं. मी सरांना म्हटलं, "दाखवता येत नाही. पण मारल्या नाहीत हेही दाखवता येत नाही, आणि आपण तर तेच छापून दिलंय."

दुसऱ्या दिवशी रावेरला जायला सर स्वतः गाडी घेऊन आले. भुसावळ मागे पडल्यावर सर म्हणाले, "मी सांगतो. खोल्या मी केल्या होत्या." त्या माणसाला मी सर म्हणते, ते काही नुसत्या सवयीने नाही.

आधी आम्ही सलीमभाईंकडे गेलो. बाजारात त्यांच्या साडूचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे ते एका जुन्या फ्रिजची जाळी घासत बसले होते. आम्हाला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं. मी जमेल तसं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मी बटन दाबत व्हतो. पन कागदावर नाही आलं, तं मले वाटलं माझंच बोट कमी पडलं असंल. मशीन नवं झालं, बटन जोरानं दाबा लागत असंल. मले समजलं नसंल." इतके दिवस ते स्वतःलाच तपासत बसले होते. सरांनी त्यांना म्हटलं, "चला आमच्याबरोबर." ते नको म्हणाले, मग हात धुऊन आले.

नाना ऑफिसात होते. टेबलावर तो रिपोर्ट अजून होताच, वर पाण्याचा तांब्या. सलीमभाई दाराशीच उभे राहिले. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. चूक आमची आहे, माझी आहे, असंही म्हणाले. नानांना खोल्या, कपाटं, निरोप्या यांत रस नव्हता. मी कॉम्प्रेसरचं सांगितलं तेव्हा मात्र ते पुढे झुकले. कॉम्प्रेसर चालू होता, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी रोज ऐकलं होतं.

"म्हंजे हा कागद खोटा," नाना म्हणाले.

"खोटा नाही, नाना. कोरा आहे. आम्ही कोऱ्या जागी 'फेरी नाही' असं छापलं," मी म्हटलं.

"ते तुमचं तुम्ही पाहा. मले येकच सांग. त्यानं फेरी मारली का नाही मारली?"

"ते मला सांगता येत नाही."

"मनोज, तू सांग."

"नाही सांगता येत, नाना," सर म्हणाले. "कॉम्प्युटरला माहीतच नाही."

बाहेर ट्रॅक्टरमधून केळीचे घड उतरत होते, त्यांचा आवाज येत होता. नाना म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस, आख्ख्या तालुक्यात ज्याच्या शब्दावर माल तोलला जातो. त्यांचा राग आमच्यावर निघणार अशीच माझी तयारी होती. शेवटी त्यांनी मान वर केली ती आमच्याकडे नाही, दाराकडे.

"सलीम, तू फेरी मारत व्हता का?"

"मारत व्हतो, नाना. येक बी सोडली नाही."

नानांनी टेबलाचा खण उघडून पॅनेलच्या खोलीची किल्ली काढली आणि पुढे केली. सलीमभाईंनी ती घेतली नाही. तसेच उभे राहिले. नानांचा हात तसाच पुढे.

"मंग त्याच दिवशी काहून नाही बोलला?" नानांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुम्ही इचारलं कुठी, नाना?" सलीमभाई म्हणाले. "तुम्ही तं कागद दाखोला."

नाना गुडघ्यावर हात देऊन उठले, टेबलाला वळसा घालून दाराशी गेले आणि किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने सलीमभाईंच्या हातात दिली.